मागून कुणी ढकललं नाही, म्हणून लाट धरता आली

दोन वर्षांपूर्वी सर्फिंग शिकून आले असं मी गावभर सांगितलं होतं. फोटो होता ना. निळं पाणी, पिवळा बोर्ड, त्यावर मी दोन्ही हात पसरून उभी. तो फोटो आजही घरी टीव्हीच्या वर लावलेला आहे. पण त्या फोटोत न दिसणारा एक पोरगा होता. कमरेएवढ्या पाण्यात तो माझा बोर्ड धरून उभा राहायचा, लाट आली की "रेडी, रेडी, अप!" म्हणायचा आणि मागून जोर लावून ढकलून द्यायचा. लाट त्यानं निवडलेली, वेळ त्यानं साधलेली, वेगही त्यानंच दिलेला. मी फक्त उभी राहिले होते. तिसऱ्या दिवशी तासाभरासाठी बोर्ड भाड्यानं घेऊन एकटीच पाण्यात गेले, तेव्हा एकाही लाटेनं मला सोबत नेलं नाही. सगळ्या पोटाखालून निघून गेल्या आणि मी जागच्या जागी हात मारत राहिले. त्या दिवशी किनाऱ्यावर बसून मला रडू आलं होतं.

हा अभिप्राय त्यानंतरच्या शिकवणीबद्दल आहे. या फेब्रुवारीत मी तमिळनाडूत, महाबलीपुरमच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर सहा दिवसांचा वर्ग केला. ज्यांना बोर्डवर उभं राहता येतं पण स्वतःहून लाट धरता येत नाही, खास अशांसाठीच तो वर्ग होता. शाळेचं नाव इथं लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी मालकांना समोर बसून सांगून आले आणि त्यांनी नीट ऐकूनही घेतल्या. शिवाय मला जे सांगायचं आहे ते कुठलीही शाळा निवडताना उपयोगी पडेल. पहिल्याच फोनवर विचारा, "भाऊ, तुम्ही ढकलणं कोणत्या दिवशी थांबवता?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.

मी भंडारा जिल्ह्यातली, साकोली तालुक्यातली. गावात पोस्टाचं शाखा डाकघर चालवते. आम्ही ढिवर. बाबा मासेमार सोसायटीचे सभासद, गावच्या मामा तलावात त्यांचं जाळं असतं. बाहेरच्यांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारोंनी आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून ते 'माजी'. आमच्या धानाला आजही त्याच तलावाचं पाणी आहे. मी चालायला लागले त्याच्या मागोमाग पोहायला लागले. शिंगाड्याच्या दिवसांत तर शाळा सुटली की सरळ पाण्यात. त्यामुळे पाण्याची भीती हा माझा प्रश्न कधीच नव्हता, आणि म्हणूनच पहिल्या वेळचं अपयश जास्त लागलं. ज्या पोरीनं सगळं बालपण पाण्यात काढलं तिला एक लाट धरता येऊ नये?

आता कळतं की तलावात ती गोष्ट शिकायला मिळतच नाही. तलावातलं पाणी एका जागी असतं, आपण त्याच्यावरून जातो. समुद्रात पाणी आपल्याकडे चालून येतं आणि ते पोचेपर्यंत आपल्याला त्याच्या चालीला लागावं लागतं. चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायचं असेल तर पोट्टे आधी ट्रॉलीच्या बरोबरीनं धावतात, मग कड धरून उडी घेतात. उभ्यानं हात लावायला गेलं तर झटका बसतो आणि ट्रॉली पुढे निघून जाते. लाटेचंही असंच आहे.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. विदर्भातल्या माणसाला समुद्र म्हटलं की कोकण, नाहीतर गोवा आठवतो, पण आपल्याला चेन्नई सोपं पडतं. नागपूरहून दिवसा गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल, तिथून ईस्ट कोस्ट रोडनं बस. गाडी कुठं बदलावी लागत नाही. राहायला एका मासेमार कुटुंबाच्या घरी वरची खोली होती, आठशे रुपये रोज, सकाळी इडली आणि रात्री भात-मासे धरून. भाताचा आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना काय त्रास, उलट घरच्यासारखं वाटलं.

शिकवणारा पोरगा पंचविशीचा असेल. मला तो "अक्का" म्हणायचा, मी त्याला "भाऊ". तिकडचे बरेच शिकवणारे मासेमारांच्या घरचेच आहेत. त्याचे आजोबा कट्टुमरम चालवायचे. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकाला एक बांधून केलेली ती नाव, त्यावरूनच इंग्रजीत कॅटामरान शब्द गेला. मी त्याला मोबाईलवर बाबांच्या डोंग्याचा फोटो दाखवला. एका अख्ख्या झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा बघून तो कितीतरी वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तुम्हारा पापा किधर बैठता इसमें?" मी जागा दाखवली. तो म्हणाला, "बस, पहला क्लास यही है."

खरंच, पहिला दिवस पूर्ण त्यातच गेला. बोर्डवर आपण नेमकं कुठं झोपायचं.

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त लाटा इथंच हातातून जातात आणि मला दोन वर्षं कुणी हे सांगितलं नव्हतं. बोर्ड नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. त्यानं मला गुडघाभर शांत पाण्यात बोर्डवर पालथं झोपवलं, स्वतः पुढे जाऊन बोर्डच्या चोचीसमोर पाण्यात बसला आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघत राहिला. चोच पाण्याच्या वर एक वीत होती. "पीछे हो, अक्का. आगे आओ." मी चार बोटं पुढे सरकले. अजून दोन बोटं. मग त्यानं स्वतःची तीन बोटं आडवी करून चोच आणि पाणी यांच्यामध्ये धरली, ती बरोबर बसली, आणि म्हणाला, हलू नका. खिशातून विजेवाले वापरतात ती काळी चिकटपट्टी काढली आणि माझ्या छातीची हाडं जिथं टेकत होती तिथं बोर्डवर आडवी लावून टाकली. पुढचे सगळे दिवस मी त्या पट्टीवर छाती ठेवूनच झोपले.

कारण साधं आहे. मागे सरकून झोपलं की बोर्डचं शेपूट पाण्यात बुडतं, चोच वर येते आणि बोर्ड पाणी कापण्याऐवजी पाणी ढकलत बसतो. कितीही हात मारा, वेग येत नाही, लाट खालून निघून जाते. फार पुढे झोपलं तर लाटेनं शेपूट उचललं की चोच खाली घुसते आणि आपण डोक्यावरून पलटतो. नवशिक्या माणसाला एकदा चोच घुसायचा अनुभव आला की तो भीतीनं मागे मागे सरकायला लागतो. माझंही तेच झालं होतं. पहिल्या शाळेत पहिल्याच दिवशी मी तोंडावर पडले आणि त्यानंतर आपोआप एक वीत मागे झोपायला लागले. मागून ढकलणारा होता तोवर ते झाकलं गेलं.

रात्री घरी फोन केला तेव्हा हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग त्याच्यात नवीन काय हाय व? जाळं सारं मांगं ठेवलं का डोंगा नाक वर करते, मंग वल्हा मारून मारून खांदे जाते." माझ्या घरातली गोष्ट मी अकराशे किलोमीटर लांब जाऊन शिकले. पण बोर्डवर ती कुणीतरी बोटांनी मोजून दाखवावी लागते, आणि या शाळेनं ती दाखवली. त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

दुसऱ्या दिवशी हात मारणं. शाळेचा एक माणूस किनाऱ्यावरून मोबाईल तिकाटण्यावर लावून प्रत्येकाचा व्हिडिओ काढतो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवून दाखवतो. फोटो काढणाऱ्या शाळा खूप आहेत. व्हिडिओ थांबवून थांबवून चुका दाखवणारी ही मी पहिलीच बघितली. माझ्या चुका मला आधी पटल्याच नसत्या. मला वाटायचं मी जोरात हात मारून राहिले. व्हिडिओत दिसलं की माझे हात पाण्यात जेमतेम मनगटापर्यंत जात होते, पाणी उडत होतं खूप, पण बोर्ड सरकत नव्हता. दोन्ही पाय फाकलेले, एक तर बोर्डच्या बाहेर लोंबत होता. आणि मान खाली. मान खाली गेली की छाती खाली जाते, छाती खाली गेली की हात खोल जात नाही.

हात खोल गेला पाहिजे, पूर्ण कोपराच्या वरपर्यंत, एकानंतर एक, बोटं सैल जुळलेली, आणि पाणी मांडीपर्यंत मागे ढकललं गेलं पाहिजे. पाय जुळलेले, हनुवटी वर, नजर लांब. तो म्हणायचा, "फास्ट नहीं अक्का, लंबा." तीन हात लांब मारलेले बरे, दहा हात उडवलेले काही कामाचे नाहीत. त्या दिवशी आम्ही फक्त फुटलेल्या, फेसाच्या लाटा घेतल्या, पण मागून कुणीही हात लावला नाही. आठ-नऊ सुटल्या, दहावी मिळाली. फेसाची होती, छोटी होती, मी उभीही राहिले नाही, पालथीच वाळूपर्यंत गेले. तरी ती माझी होती. आयुष्यातली माझी पहिली.

आता तिसरा दिवस. मला वाटतं, संपूर्ण फी या एका सकाळीसाठी द्यावी. आम्ही पाचजण होतो, सगळे लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, पायाला बांधून तयार, आणि त्यानं सांगितलं बोर्ड खाली ठेवा. एक तास वाळूवर बसायचं. पाण्यात जायचं नाही. एकजण वैतागला, तो बेंगळुरूहून आलेला होता, त्याच्या मते तासाचे पैसे वाया चालले होते. मी मात्र त्या एका तासात दोन वर्षांचं शिकले.

सूर्य समुद्रातून वर येत होता. पूर्वेचा किनारा, त्यामुळे सकाळी उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि लाटेचं तोंड काळं दिसतं. त्यानं काडीनं वाळूवर रेघ मारली आणि म्हणाला, प्रत्येक मोठी लाट आली की एक टिंब काढा. थोड्या वेळात टिंबं स्वतःच बोलायला लागली. तीन-चार मोठ्या लाटा एकामागून एक यायच्या, मग बराच वेळ बारीकसारीक, मग पुन्हा तीन-चार. त्याला ते सेट म्हणतात. लांब समुद्रात वाऱ्यानं उठलेल्या लाटा चालता चालता अशा टोळीनं एकत्र येतात. नवा माणूस काय करतो? टोळीतल्या पहिल्याच लाटेवर तुटून पडतो, ती सुटते, आणि मागची दुसरी, तिसरी त्याच्या डोक्यावर फुटते. त्यापेक्षा पहिली जाऊ द्यायची, दुसरीकडे बघायचं.

मग त्यानं विचारलं, लाट फुटते कुठं? आम्ही सगळे म्हणालो, किनाऱ्यावर. तो म्हणाला, नीट बघा. बघितलं तर सगळ्या मोठ्या लाटा जवळजवळ एकाच पट्ट्यात फुटत होत्या आणि लहान लाटा त्याच्या बऱ्याच अलीकडे. तळ वर येत गेला की लाटेचा खालचा भाग अडतो, वरचा पुढे जातो आणि लाट कोसळते. लाटेची जितकी उंची असेल त्याच्या साधारण सव्वापट खोलीवर ती फुटते. कमरेएवढी लाट असेल तर पाणी छातीच्या आसपास असेल तिथं. म्हणजे लाटेची उंची कळली की उभं कुठं राहायचं हे आधीच कळतं. फुटायच्या जागेच्या थोडं पलीकडे, समुद्राच्या बाजूला थांबायचं. फार लांब थांबलं तर लाट अजून सपाट असते, तिला उतार नसतो, बोर्ड घसरणार कशावर? फार जवळ थांबलं तर ती अंगावर कोसळते. त्यानं आम्हाला किनाऱ्यावरच्या खुणाही धरायला लावल्या. समोर एका घराची निळी पाण्याची टाकी आणि एक वाकलेला माड. ते दोन्ही एका रेषेत आले की आपण जागेवर आहोत. पाणी सतत आपल्याला बाजूला वाहवत नेतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी टाकी आणि माड बघायचे. बाबाही तलावात जाळं कुठं टाकलं हे देवळाचा कळस आणि पाळीवरचं, म्हणजे तलावाच्या बांधावरचं, मोहाचं झाड एका रेषेत धरून लक्षात ठेवतात. त्या सकाळी मला घरची फार आठवण आली.

वाऱ्याचंही त्याच तासात समजलं. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो लाटेच्या तोंडाला आधार देतो, लाट उशिरा आणि नीट फुटते. ऊन चढलं की वारा उलटा होतो आणि पाणी विस्कटून जातं. म्हणून वर्ग साडेसहाला सुरू होतो आणि साडेआठला संपतो. नऊ वाजता आरामात उठून जाणाऱ्यांना ही शाळा जमणार नाही.

चौथ्या दिवशी आम्ही पहिल्यांदा न फुटलेल्या, हिरव्या लाटांकडे गेलो. पलीकडे पोचणं हेच आधी एक काम आहे. फेस अंगावर आला की बोर्डच्या दोन्ही कडा घट्ट धरून बोर्डसकट पालथं व्हायचं, कासवासारखं पाण्याखाली जायचं आणि लाट गेली की पुन्हा वर यायचं. हे मला लवकर जमलं, श्वास धरायची सवय तलावातली.

लाटा मात्र सुटत राहिल्या. एक, दोन, पाच, अकरा. मी अकरा मोजल्या. जागा बरोबर होती, पट्टीवर छाती होती, हात लांब होते. लाट यायची, शेपूट उचललं जायचं, मला वाटायचं मिळाली, मी हात थांबवून दोन्ही तळवे बोर्डवर टेकवायचे, आणि लाट पुढे निघून जायची. बाराव्या वेळी तो माझ्यापासून दहा फुटांवर त्याच्या बोर्डवर बसलेला होता. लाट मागे उभी राहिली. मी खांद्यावरून मागे बघितलं, हात सुरू केले, आधी सावकाश, मग जोरात. शेपूट उचललं गेलं. माझे हात थांबणार तेवढ्यात तो ओरडला, "इन्नुम रेंडु! इन्नुम रेंडु!"

आणखी दोन. तमिळमध्ये आणखी दोन. अर्थ मला नंतर कळला, पण त्या क्षणी आवाजातूनच समजलं. मी थांबले नाही. एक हात, दुसरा हात. आणि दुसऱ्या हाताला बोर्डचा आवाज बदलला. आधी पाणी चुबुक चुबुक वाजत होतं, ते एकदम सुर्र झालं, धारेवर कोयता फिरवावा तसं. पोटाखालचं ओझं गेलं. मी हात मारून नाही, उतारावरून चालले होते. तळवे बरगड्यांजवळ टेकले, पाय आत घेतले, उभी राहिले. समोर लाटेचं तोंड होतं, काचेसारखं, त्यातून तळाची वाळू दिसत होती. चार-पाच सेकंद असेल, फार तर. मग ती फुटली आणि मी फेसात पडले. वर आले तेव्हा तो दोन्ही हात वर करून ओरडत होता आणि मी पण ओरडत होते.

तेव्हापासून मी या 'आणखी दोन' ला मंत्रच मानते. शेपूट उचललं जाणं म्हणजे लाट मिळाली असं नव्हे. लाट आपल्याला उचलते आहे, पण आपला वेग अजून तिच्याइतका झालेला नाही. नेमक्या त्या घडीला नवा माणूस घाईनं उभा राहायला जातो. दोन लांब हात आणखी मारले की बोर्ड उतारावर लागतो, आणि मग उभं राहायला भरपूर वेळ मिळतो. मी परत आल्यावर ज्यांना ज्यांना सर्फिंग येतं त्यांच्याशी फोनवर बोलले, त्यातल्या दोघींचं हेच अडलेलं होतं.

पाचवा आणि सहावा दिवस सरावाचे. बारातून एक मिळायची ती तीनातून एक मिळायला लागली. पाण्यातली शिस्त शिकवली. लाट जिथं आधी फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्यासमोर उतरायचं नाही. बोर्ड हातातून सोडून द्यायचा नाही, मागे माणूस असू शकतो. पडताना आडवं, सपाट पडायचं, डोकं हातांनी झाकून वर यायचं. ओढ लागली आणि समुद्रात आत नेऊ लागली तर तिच्याशी झगडायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर हात मारत ओढीच्या बाहेर यायचं. हे शेवटचं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पाचव्या दिवशी नाही. ही माझी पहिली तक्रार आणि सगळ्यात गंभीर. मालकांनी ती मान्य केली.

दुसरी तक्रार बोर्डांची. पाचजणांत नऊ फुटी बोर्ड तीनच, बाकी दोन आठ फुटी. माझं वजन अठ्ठावन्न किलो, मला आठ फुटी चालला असता, पण आमच्यात एक उंच, भरदार माणूस होता, त्याला दोन दिवस आठ फुटीवर ठेवलं आणि बिचाऱ्याला एकही हिरवी लाट मिळाली नाही. शिकताना बोर्ड जितका लांब, रुंद, तितका तो लवकर तरंगून वेग धरतो आणि कमी उतारावरही लाटेला लागतो. हे शाळेलाच माहीत नसेल असं कसं? एका बोर्डच्या शेपटाची शिवण उकललेली होती, पाणी आत जाऊन तो जड झालेला होता. तो बाजूला काढायला हवा होता.

तिसरी, बायकांची कपडे बदलायची खोली. आतून कडी नाही. आम्ही दोघीजणी होतो, एक आत गेली की दुसरी दाराशी उभी. सहा दिवस. नऊ हजार रुपये फी घेणाऱ्यांना पन्नास रुपयांची कडी बसवता येते. मी स्पष्ट बोलले, आणि निघायच्या दिवशी सुतार आलेला बघितला.

आणि अंगरखा, रॅश गार्ड म्हणतात तो, तिथला घालू नका, घरून न्या. फोमवर घासून पोट आणि गुडघे सोलून निघतात. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून पूर्ण बाह्यांचा घेतला, तोवर पोटावर पुरळ उठलेलं होतं आणि खारं पाणी त्यावर झोंबत होतं.

वातावरण मात्र फार चांगलं. तिथल्या पोरांच्या बोलण्यात सर्फिंग आपल्याकडच्या कबड्डीसारखं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमलाच आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, रमेश बुदिहाल या भारतीय सर्फरनं त्यात कांस्य मिळवलं, तो किस्सा मला तीन वेगवेगळ्या माणसांनी हातवारे करून सांगितला. संध्याकाळी शाळा सुटलेली आठ-दहा वर्षांची पोरं तुटक्या बोर्डवर, फळीवर, मिळेल त्यावर लाटा धरत होती, आणि त्यांना कुणीच ढकलत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत बसायचे. ती मागे वळून लाटेकडे एकदाच बघायची आणि त्यानंतर नजर पुढेच. मी तीनदा बघायचे आणि दर वेळी बोर्ड डगमगायचा.

गावी आल्यावर काय? तलावात लाट नाही, पण हात आहेत. बाबांकडे जाळ्यासाठी थर्माकोलचा मोठा तुकडा आहे, प्लास्टिकच्या पोत्यात शिवलेला. त्यावर मी काळी पट्टी लावली आहे. सकाळी साडेपाचला, पोस्टाची वेळ व्हायच्या आधी, पाळीपासून मधल्या खुंटापर्यंत पालथी जाऊन परत. अंतर फार नाही, पण खांदे तयार होतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत माझा तो खुंटापर्यंतचा वेळ चांगला कमी झाला. उभं राहण्याचा सराव धानाच्या खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर रांगोळीची रेघ काढून, रोज वीस वेळा. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काय करून राहिली व माय, पाय मुरगळन." आता त्यांची नात माझ्याबरोबर खळ्यात येते. चौथीत आहे. रेघेवर तिचे पाय माझ्यापेक्षा नीट पडतात.

फी सहा दिवसांची नऊ हजार, बोर्ड आणि व्हिडिओ धरून. राहणं, खाणं, रेल्वे मिळून माझे साधारण अठरा हजार गेले. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे होते, दीड वर्ष जमवलेले. पोहता येत नसेल तर या वर्गाला जाऊ नका, आधी दोन महिने गावच्या पाण्यात घालवा. याआधी कधी बोर्डवर उभंच राहिला नसाल तर आधी त्यांचा दोन दिवसांचा साधा वर्ग करा. तिथं ते ढकलतात, आणि पहिल्या दोन दिवसांत ढकलणं बरोबरच आहे. फेब्रुवारीत लाटा लहान असतात, शिकणाऱ्याला त्याच बऱ्या. पाचपैकी चार. एक गुण ओढीचं उशिरा सांगितल्याबद्दल कापला. पुढच्या फेब्रुवारीसाठी मी पुन्हा नाव दिलं आहे, या वेळी लाटेवर वळायला शिकायचं आहे, आणि फोनवर पहिलं हेच विचारलं की उकललेल्या शिवणीचा बोर्ड काढला का. काढला म्हणाले.